डब्याचं दुसरं भोक

आमच्या घरात इंग्रजीत सही करणारा पहिला माणूस मी. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही, आणि का वाटावा? महाळुंग्याच्या शेतातून उठून पुण्याच्या कॉलेजात गेलो, खानावळीत ताटं वाढून स्वतःचं ताट मिळवलं, बी.एस्सी. झालो. पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता. त्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. काळेवाडीत एका शेतकऱ्याच्या घरातली एक खोली घेतली, जुनी सायकल घेतली, आणि पांढरा कोट घालून कामावर जाऊ लागलो. कोट खरं तर कारखान्यात ठेवायचा असे. पहिले सहा महिने मी तो घालूनच घरी यायचो.

गावाकडं कुणालाही सरकारी कागद आला की तो माझ्याकडं यायचा. कालव्याच्या हापिसाला अर्ज, शाळेला अर्ज, मामलेदाराला अर्ज. रविवारी मी महाळुंग्याला गेलो की ओट्यावर चार माणसं टोप्या मांडीवर घेऊन बसलेली असत. माझी लिहायची एक पद्धत ठरलेली होती आणि ती मी कॉलेजात शिकलो नव्हतो, आमच्या वडलांकडून, म्हणजे आबांकडून शिकलो होतो. आमच्याकडं पंचांपुढं उभं राहायचं तर पहिलं वाक्य एकच, "चुकलं असंल, पदरात घ्या." चूक कुणाची, हा पुढचा विषय. आधी आपण मान खाली घातली की समोरचा मोठा माणूस आणखी मोठा होतो, आणि मोठा झालेला माणूस मग हात आखडत नाही. आबांचं म्हणणं असं, की ताठ मानेनं मागितलं तर न्याय मिळतो, वाकून मागितलं तर न्यायाबरोबर चहासुद्धा मिळतो. माझा प्रत्येक अर्ज माफीनं सुरू व्हायचा, आणि खरं सांगायचं तर बहुतेक कामं व्हायचीही.

माझी थोरली बहीण मोशीला दिलेली. तिला आम्ही आक्का म्हणतो. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, मराठी चौथी शिकलेले. पण लढाईच्या काळात पुण्याजवळच्या लष्करी विमानतळावर हमाल म्हणून लागले आणि गोऱ्या मेकॅनिकांच्या हाताखाली पाने-स्क्रू उचलता उचलता इंजिन शिकले. लढाई संपल्यावर ते दिल्लीला एका विमान कंपनीत मेकॅनिक झाले. वर्षातून दोनदा मोशीला येत. इंद्रायणीच्या घाटावर बसले की लोक विचारत, "काय विमानवाले, आमाला कवा बसवता?" दाजी म्हणत, "बसवायचं माझ्या हातात न्हाई. उतरवायचं हाय." खोट दिसली तर भरलेलं विमान रिकामं करायला लावणाऱ्या मेकॅनिकचा हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल याची गणती नाही.

त्या हिवाळ्यानंतर त्यांनी तो कधी केला नाही.

पौषातल्या एका सकाळी त्यांनी स्वतः तपासून सोडलेलं विमान उत्तरेकडच्या डोंगरात पडलं. दोन्ही इंजिनं एकापाठोपाठ एक बंद पडली होती. आत होते त्यांतलं कुणी वाचलं नाही. मी ती बातमी कारखान्याच्या वाचनालयात उभ्यानं वाचली आणि पान उलटलं. आपल्या घराशी तिचा संबंध असेल हे मनातही आलं नाही. आठ दिवसांनी आक्काचा निरोप आला, दाजी घरी आलेत, कायमचे आले असं वाटतंय, तू ये.

मी सायकल काढून भोसरीवरनं मोशीला गेलो. दाजी गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून उठले आणि एक कागद हातात दिला. चौकशी संपेपर्यंत कामावरून दूर केल्याचा कागद.

"काय म्हणत्यात ते वाचून दावा, ग्रॅज्युएट," ते म्हणाले. "मला मतलब कळलाय. शब्द कळू द्या."

प्रकरण असं होतं. टाकीतलं पेट्रोल इंजिनात जाईल तशी त्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी पंखाखाली एक नळी असते, तोंड बाहेर. विमान जमिनीवर असताना तिच्यात माती जाऊ नये म्हणून तोंडावर कापडी टोपण घालतात, त्याला लांब लाल पट्टी लोंबत असते. उडायच्या आधी मेकॅनिकनं टोपण काढायचं आणि वहीत सही करायची. पडलेल्या विमानाच्या टाक्या आत ओढल्यासारख्या चेपलेल्या सापडल्या होत्या. म्हणजे हवा आत जात नव्हती, नळी बंद होती. पण नळीत काहीच अडकलेलं नव्हतं. मग नळी बंद कशानं झाली? कंपनीनं उत्तर काढलं, टोपण काढायचं राहिलं आणि पडल्यावर ते जळून गेलं. सही कुणाची? दाजींची.

"टोपण काढलं होतं?" मी विचारलं.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. "त्या दिवशी एक बाई चढली," ते म्हणाले. "हातात पेटी, कडेवर पोर. पोरगं लाल पट्टीकडं हात करीत होतं. मी पट्टीसकट टोपण काढून त्याला दावलं, गुंडाळून खिशात घातलं. ते हापिसात दावलं तर म्हणत्यात, दुसऱ्या विमानाचं असंल. अजून मला ते पोर दिसतंय. आता तुमी सांगा, काढलं होतं का न्हाई."



चौकशीपुढं पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं होतं, इंग्रजीत. हे काम माझं. मी आक्काच्या पडवीत बसून एका बैठकीत ते लिहिलं, आणि मनातून खूश होतो. माझं इंग्रजी इतकं चांगलं कधी उतरलं नव्हतं. पहिलं वाक्य मी नेहमीच्या वळणानं लिहिलं, की माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल मी नम्रपणे क्षमा मागतो, आणि साहेबांनी उदार मनानं माझं पुढील म्हणणं ऐकावं. खाली दोन पानं सगळं खरं लिहिलं, टोपण कसं काढलं ते, बाई, पोर, खिसा. दाजींनी मराठीत ऐकलं. पहिल्या वाक्याला थोडे थांबले.

"चुकीबद्दल?"

"लिहायची रीत आहे, दाजी. साहेब लोकांना आवडतं."

"असंल बाबा," म्हणाले आणि सही केली. ती सही मीच त्यांना शिकवली होती.

महिन्याभरात उत्तर आलं. आपण आपल्या निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात चूक मान्य केली आहे. आपणास आणखी काही सांगावयाचे असल्यास अमुक दिवशी दिल्लीत समक्ष हजर राहावे, अन्यथा ही कबुली अंतिम समजण्यात येईल.

तो कागद दाजींनी माझ्या खोलीवर पाठवला होता. मी तो खिशात घालून कामावर गेलो आणि दिवसभर काचेच्या नळ्या धूत राहिलो. आमच्या विभागाचे साहेब दक्षिणेकडचे, कमी बोलणारे. त्यांना माझा चेहरा दिसला असावा. मी कागद दाखवला, आणि माझ्या निवेदनाची नक्कलही. त्यांनी दोन्ही वाचलं.

"गेल्या आठवड्यात तो काचेचा फ्लास्क कुणी फोडला?" त्यांनी विचारलं.

"मी नाही, सर."

"मला माहीत आहे. पण मी खोलीत आलो तेव्हा 'सॉरी सर' तू म्हणालास. मी रजिस्टरमध्ये तुझं नाव लिहिलं असतं तर?" नक्कल परत देत ते म्हणाले, "तू हे गावातल्या पंचांना लिहिलं आहेस. वाचणारे दुसरे आहेत."

इतकंच. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी मी मोशीला गेलो. रस्त्यात ठरवलं होतं की आधी आडवळणानं सांगायचं, पण दारातच आक्का उभी होती आणि माझ्या तोंडून सरळ निघालं, "आक्का, दाजींची नोकरी माझ्या लिहिण्यानं चाललीय." मग सगळं सांगितलं. दाजी बाजेवर ऐकत होते. त्यांना नोकरीपेक्षा दुसरंच लागलं होतं.

"म्हंजे आता कागदावर त्या पोराला मीच मारलं," ते म्हणाले.

आक्का वळली. आत गेली आणि तिथून म्हणाली, "घासलेट संपलंय. नवा डबा फोडून दे. तेवढं तरी जमंल का?"

मी डबा घेतला, खिळा आणि दगड घेतला, कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि बाटलीत ओतायला लागलो. डोकं ठिकाणावर नव्हतं. तेल यायचं, थांबायचं, गुडगुडायचं, पुन्हा भसकन यायचं. अर्धं माझ्या धोतरावर. आक्कानं डबा माझ्या हातातून ओढला.

"बी.एस्सी.ला डबा फोडायला शिकवत न्हाईत व्हय? दुसरं भोक कोण पाडणार, मामलेदार?" तिनं समोरच्या कोपऱ्यात खिळा ठोकला. तेल धारेनं आलं. मग मला चिडवायला म्हणून तिनं त्या दुसऱ्या भोकावर बोट ठेवलं. धार बारीक झाली, तुटली. बोट काढलं, आली. "बघ. हवा नको का त्याला?"

बाजेवरून दाजी उठून आले. त्यांनी आक्काच्या हातावर हात ठेवून ते बोट पुन्हा भोकावर नेलं. धार थांबली. कितीतरी वेळ ते त्या भोकाकडं बघत होते.

"टाक्या दोन हाईत," ते हळूहळू म्हणाले, माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कुणास ठाऊक. "पर नळी एकच. दोनी टाक्या एकाच नाकानं दम घेत्यात. या नव्या विमानात तसंच केलंय. अन् नाकाचं तोंड वाऱ्याकडं हाय."

"मग?"

"थंडीत वरनं विमानं येत्यात ना, सकाळची. त्या तोंडाशी बर्फ चिकटलेला असतोय. मी हातानं पुसलाय किती वेळा. चिंचेच्या बुटकाएवढा." ते थांबले. "त्या दिवशी चिंचेहून मोठा असंल, तोंड मिटवणारा."

मग मला जे सुचलं त्याचा मला अभिमान आहे, आधीच्या गाढवपणाइतकाच मोठा. बर्फाचं पाणी होतं. विमान पडलं, उन्हात दोन दिवस राहिलं, मग माणसं तिथवर पोचली. नळीत काही सापडलं नाही याचा अर्थ टोपणच होतं असा होत नाही. उलट टोपणाची जळकी चिंधी तरी कुठं सापडली होती?

"हे दाखवता येईल," मी म्हणालो. "बर्फानं."

मोशीत बर्फ कुठला? आमच्या कारखान्यात थंड खोली होती, बर्फही बनायचा. साहेबांना विचारलं. ते फक्त म्हणाले, "किती?" पुढच्या रविवारी पाच-सहा शेर बर्फ लाकडाच्या भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून मी निघालो. माघ संपत आला होता, हवा गारच होती, तरी भोसरी सोडेपर्यंत माझ्या मागं रस्त्यावर पाण्याची रेघ उमटत होती. मोशीच्या वेशीवर एक म्हातारा म्हणाला, "राव, उसाचा रस गळतोय का काय?" बर्फ आहे म्हटल्यावर तो काठी टेकत माझ्यामागून आक्काच्या दारापर्यंत आला. मग आणखी आठ-दहा माणसं आली. एका बाईनं आपल्या दुखऱ्या गुडघ्यासाठी खडा मागून घेतला.

घासलेटचा आधीचा रिकामा डबा पाण्यानं भरला. तळाला एक बारीक भोक पाडलं, वरच्या पत्र्याचं एक उघडं ठेवलं, दुसरं मेणानं बुजवलं. तळातून धार सुरू झाली. दाजींनी बर्फाचा खडा चाकूनं तासून खुंटीसारखा केला आणि वरच्या भोकात दाबला. धार बारीक झाली, थेंब झाली, बंद पडली. दाजींनी खिशातून विडी काढली, पण पेटवली नाही. बऱ्याच वेळानं खुंटी विरघळली, आत पडली, आणि तळातून पुन्हा धार लागली. तो म्हातारा वाकून वरचं भोक बघत म्हणाला, "आरं, हितं तर कायच न्हाई."

दाजींचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला. "हेच म्हणायचंय मला," ते म्हणाले. "हे असंच म्हणायचंय."

नवं निवेदन लिहिलं. यावेळी मी लिहीत होतो आणि आक्का समोर बसून राहिली, तिला अक्षर येत नव्हतं तरी. पहिलं वाक्य होतं, मी टोपण काढले होते. तिनं ते मला तीन वेळा मराठीत म्हणायला लावलं.

दिल्लीला मी बरोबर गेलो. साहेबांनी रजा दिली. गाडीत दोन दिवस तो घासलेटचा डबा आमच्या पायाशी होता. दाजींनी तो राखेनं घासून लख्ख केला होता तरी बाकाबाकावर घासलेटचा वास येत होता, आणि शेजारचा एक सरदारजी सारखा विचारत होता की आत काय आहे. दाजी म्हणाले, "कुछ नहीं. हवा."

चौकशीच्या दालनासारखं काही मी कधी पाहिलं नव्हतं. लांब टेबल, वर पंखे, आणि एका बाजूला विमान बनवणाऱ्या परदेशी कंपनीचा इंजिनिअर, समोर निळ्या बांधणीचं जाड पुस्तक. मधे बसलेले चौकशी करणारे न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी आधीचं निवेदन हातात घेतलं.

"यात तुम्ही चूक मान्य केली आहे."

मी उभा राहिलो. "ते वाक्य माझं आहे, साहेब. आमच्याकडं मोठ्यांसमोर असं लिहायची रीत आहे. यांनी मला ते विचारलंसुद्धा होतं. शिकलेला मी, चूक माझी." तेवढी एक माफी मी मागितली, आणि ती खरी होती.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून दाजींकडं पाहिलं. "आणि तुम्हाला काय सांगायचं आहे?"

दाजींनी डबा पाण्यानं भरून, तळाच्या भोकावर बोट धरून टेबलावर ठेवला. बर्फ आम्ही सकाळीच बाजारातून घेतला होता. ते हिंदीत बोलले, मोडक्या, पण कुठं अडले नाहीत. दोन टाक्या, एक नळी, वाऱ्याकडं तोंड. मग तळाची धार सोडली आणि वरच्या भोकात बर्फाची खुंटी दाबली. धार थांबली. परदेशी इंजिनिअर पुस्तकाचं पान काढून म्हणाला की त्या उंचीवर, त्या नळीत, इतका बर्फ धरू शकत नाही, पुस्तकात तशी तपासणी नोंदलेली आहे. मला वाटलं, आता दाजी गप्प बसणार. दाजींनी आपला उजवा हात पुढं केला.

"साहब, मैंने इस हाथ से पोंछा है."

तेवढ्यात डब्याच्या तळातून पुन्हा धार लागली आणि टेबलावरून कागदांकडं वाहू लागली. शिपाई धावला. न्यायाधीशांनी त्याला हातानं थांबवलं, उठून आले आणि वरचं भोक पाहिलं. बोट फिरवलं. बोट ओलं झालं, बाकी काही नाही. आपल्या ओल्या बोटाकडं ते बघत राहिले.

त्या दिवशी निकाल लागला नाही. तशाच एका विमानाचा तो पंखाचा भाग थंड खोलीत नेऊन, वारा सोडून, पाण्याचा फवारा मारून तपासावा, असा हुकूम झाला. आम्ही परत आलो. पुढचे महिने दाजींनी मोशीत शेती केली, म्हणजे आक्कानं केली आणि ते बांधावर उभे राहून आकाशाकडं बघत. विमानाचा आवाज आला की ते इंजिनं मोजत, कोणतं आहे ते सांगत. लोकांची चेष्टा थांबली नव्हती. एकानं विचारलं, "दाजी, आता बैलाला टोपण घालता का?" दाजी म्हणाले, "घालतो. अन् काढतो पण."

गणपतीच्या दिवसांत कागद आला. आक्कानं तो कुणाला फोडू दिला नाही, मला बोलावून घेतलं. महाळुंग्याहून आबाही आले. मी वाचला. थंड खोलीत नळीचं तोंड बर्फानं पुरतं मिटलं होतं. दोन टाक्यांना एकच नळी आणि तिचं तोंड वाऱ्याकडं, हा आराखड्यातला दोष. अशा सगळ्या विमानांना आता प्रत्येक टाकीला वेगळी नळी बसवण्यात येईल, तोंड मागच्या बाजूला, बर्फ धरणार नाही अशा आडोशाला. मेकॅनिकवर कोणताही ठपका नाही. कामावर रुजू व्हावे.

दाजी उठून गोठ्यामागं गेले. बराच वेळ आले नाहीत. आक्का पदरानं डोळे पुसत होती, मग एकदम म्हणाली, "त्या बाईचं काय पर? पोराचं?"

आबा म्हणाले, "ते काय फिरून येत न्हाईत, पोरी. पर पुढची कुणाची तरी पोरं पोचतील." आबा कधीच विमानात बसले नाहीत. पण ते वाक्य त्यांनी अगदी खात्रीनं म्हटलं, आणि मला ते तेव्हाही पटलं.

दाजी परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. लगेच निघायचं म्हणाले. आबांनी माझ्याकडं बघून फर्मान काढलं, "उत्तर लिही त्यास्नी. आभार मान. रीतीनं लिही."

मी कागद घेतला, दौत उघडली. आक्का येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"पहिलं वाक्य लिहिलंस की वाचून दाव," ती म्हणाली. "मग पुढचं."